माल्टाला चाललात? मग हेपण विचारून घ्या

सोलापुरातून हल्ली पोरी माल्टाला चालल्यात, इटलीच्या खाली समुद्रात एक छोटा बेटाचा देश आहे तो. आधी दुबई, मस्कत, कुवेत एवढंच कानावर यायचं, आता केअरगिव्हर, नर्स, हॉटेलात हाउसकीपिंग असल्या कामाला युरोप, आणि युरोप म्हटलं की घरचेपण पटकन हो म्हणतात. माझं सात रस्त्याकडे ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स, कागद स्कॅन करणं, व्हिसाचे कागद घेणाऱ्या व्हीएफएस सेंटरची अपॉइंटमेंट, सगळं इथंच होतं, त्यामुळे फाइलमध्ये काय काय लागतं ते मला पाठ झालंय. पगार किती, एका खोलीत किती जणी, तांदूळ मिळतो का, थंडी किती, सगळं विचारून झालेलं असतं. एक गोष्ट मात्र कुणीच विचारत नाही, पोरगीपण नाही आणि आईपण नाही, की तिकडं दिवस गेले आणि नको असले, किंवा हवे होते पण मधेच काही बिघडलं, तर काय करायचं?

मी एकदा एका आईला हळूच विचारलं तर त्या भडकल्याच. म्हणे "जावई इथं, पोरगी तिथं, असलं कशाला निघंल हो ताई?" आता यावर काय बोलणार. जावई सुट्टीला जाऊ शकतो, निघतानाच पोटात असू शकतं, आणि बाईवर जबरदस्ती होते हे काय फक्त आपल्याकडंच होतं का. पण हे दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

माल्टात गर्भपात हा गुन्हा आहे. अख्ख्या युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात कडक कायदा त्यांचा. आणि शिक्षा फक्त डॉक्टरला नाही, बाईला स्वतःला दीड ते तीन वर्षं जेल आहे, डॉक्टरला चार वर्षांपर्यंत, वर त्याची प्रॅक्टिस कायमची बंद. २०२३ च्या जूनपर्यंत कायद्यात एकही सूट लिहिलेली नव्हती. आता बाईचा जीव धोक्यात असेल तर करता येतं, पण जीव अगदी लगेच जाईल अशी वेळ नसेल तर तीन डॉक्टरांच्या टीमचा होकार लागतो. बलात्कार झाला असला तरी सूट नाही, बाळ जगणारच नाही असं सोनोग्राफीत दिसलं तरी नाही. आणि हे तिथल्या बाईला, कामाला गेलेल्या बाईला, चार दिवस फिरायला गेलेल्या बाईला, सगळ्यांना सारखंच. पासपोर्ट कुठला आहे ते कुणी बघत नाही.

ती एक सूट पण आली कशी, तर एका टुरिस्ट बाईमुळे. २०२२ च्या जूनमध्ये अँड्रिया प्रुडेंटे नावाची अमेरिकन बाई जोडीदाराबरोबर माल्टाला फिरायला गेली होती, सोळावा आठवडा. तिथं तिची पाण्याची पिशवी फुटली, बाळ वाचायचं नाही हे कळलेलं, इन्फेक्शनची भीती होती, तरी बाळाचे ठोके चालू आहेत तोवर हात लावणार नाही म्हणून डॉक्टर थांबले. शेवटी तिला विमानाने स्पेनला, मयोर्कात हलवलं तेव्हा सुटका झाली. त्यावरून जगभर बोंब झाली आणि माल्टाच्या सरकारने कायदा थोडा हलवला. पण मला यात सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. तिला विमानाने उचलून नेलं तिच्या इन्शुरन्सने. आपल्याकडच्या पोरींची व्हिसासाठी काढलेली स्वस्तातली ट्रॅव्हल पॉलिसी उघडून बघा, बहुतेक पॉलिसींत गरोदरपणाशी संबंधित खर्च सरळ वगळलेला असतो, बारीक अक्षरात. एजंट ती पॉलिसी फाइलला लावतो, वाचत कुणीच नाही.

आणि सविता हलप्पनवार तर आपल्या बाजूचीच, बेळगावची. दातांची डॉक्टर, नवरा इंजिनियर, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहायची. २०१२ चा ऑक्टोबर, सतरावा आठवडा. मिसकॅरेज होणार हे डॉक्टरांनीच सांगितलेलं, तिने स्वतः मागितलं की मला मोकळं करा, तर ठोके आहेत म्हणून नाही म्हणाले. हा कॅथलिक देश आहे असं तिला ऐकवलं गेलं, आणि पुढे चौकशीत एका मिडवाइफने, म्हणजे बाळंतपणाच्या नर्सने, ते शब्द आपलेच म्हणून मान्यपण केलं. २८ ऑक्टोबरला सेप्सिसने, म्हणजे इन्फेक्शन अंगभर पसरून, गेली, वय ३१. शिकलेली, पैसेवाली, कायदेशीर राहणारी, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ॲडमिट असलेली बाई. तिच्या जाण्याने तो देश हलला हे खरं, २०१८ च्या मे महिन्यात मतदान झालं, ६६ टक्के लोकांनी बंदी काढा म्हणून मत दिलं, आणि २०१९ पासून तिथं बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता करता येतं. तिच्या आईवडिलांना त्याचा काय उपयोग, पण असो.

आपल्या डोक्यात एक पक्कं बसलंय की देश जेवढा श्रीमंत तेवढा बाईला मोकळा. डॅलस-ह्यूस्टनला आपली केवढी आयटीवाली पोरं आहेत, सोलापूरचीपण आहेत. तिथं टेक्सासमध्ये २०२२ पासून जवळजवळ पूर्ण बंदी, डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिथली सून न्यू मेक्सिकोला जाऊन येऊ शकते, पैसे आणि गाडी असली तर. आणि आपल्याकडं गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ पासून आहे! २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, काही ठरावीक कारणांसाठी २४ पर्यंत दोघांचं. २०२१ च्या दुरुस्तीत "नवरा" काढून "जोडीदार" घातलं, आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करायचा नाही.

म्हणून लगेच कॉलर ताठ करू नका. कायद्यात अठरा पूर्ण झालेल्या बाईची फक्त स्वतःची सही लागते, तरी आमच्या नात्यातल्या एकीला एका दवाखान्यात नवऱ्याला घेऊन या म्हणून परत पाठवलं होतं, आणि नवरा त्या वेळी ट्रकवर, नागपूरच्या पुढं कुठंतरी. बऱ्याच लोकांना तर गर्भपात आणि लिंगनिदान यातला फरकच माहीत नाही, लिंग तपासणं गुन्हा आहे म्हणजे पिशवी साफ करणंपण गुन्हाच असणार असं त्यांचं गणित.

आता कामाचं. माल्टात अडकलेली बाई काय करू शकते तर देशाबाहेर जाऊ शकते. सिसिली म्हणजे इटली तिथून शंभरेक किलोमीटर, आपल्याला विजापूर तेवढं, बोटीने दोन तासांच्या आत. इटलीत ९० दिवसांपर्यंत कायदेशीर आहे, पण सात दिवस थांबायला लावू शकतात आणि अर्ध्याहून जास्त स्त्रीरोग डॉक्टर हे काम करायला नाही म्हणतात, म्हणजे आधी फोन करून मगच निघायचं. स्पेनमध्ये १४ आठवडे. पण हे सगळं रेसिडेन्स कार्ड चालू असेल तरच सोपं, कार्ड रिन्यूअलला गेलेलं असलं की प्रवासाची पंचाईत. म्हणून कार्डाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा आणि रिन्यूअल आधीच सुरू करा.

सोलापूरला यायचं ठरवलं तर आठवडे मोजताना घोळ करू नका, डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आपल्याला वाटतं त्याच्या साधारण दोन आठवडे पुढं असतं ते. गोळ्यांनी करायचं तर आपल्याकडं नऊ आठवड्यांपर्यंतच. मालकाकडून सुट्टी, तिकीट, प्रवास यातच दोन-तीन आठवडे जातात, मग नऊचे बारा कधी झाले कळत नाही.

"ताई, इथूनच गोळ्या बॅगेत टाकून नेऊ का?" हे मला खरंच विचारलंय, एकीने नाही, दोघी-तिघींनी. एक तर त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात, गर्भ नळीत असला तर त्यांनी काहीच होत नाही आणि नळी फुटली की जिवावर बेततं. दुसरं म्हणजे तिथं त्या घेणाऱ्या बाईवरच केस होऊ शकते. त्यापेक्षा जायच्या आधी इथल्या डॉक्टरकडून तांबी किंवा दिवस न राहण्याच्या इंजेक्शनचं विचारा, लग्न झालेलं असो नसो. डॉक्टर लेक्चर द्यायला लागले तर दुसऱ्या डॉक्टरकडं जा, सोलापुरात दवाखान्यांना काय तोटा आहे.

परवा एक एजंट दुकानात येऊन म्हणाला, मॅडम असलं सांगून पोरींना घाबरवू नका, माझा धंदा बसेल. मी म्हटलं तुझ्या पॉलिसीत गरोदरपण कव्हर असलेली लाव, मग मी गप्प बसते. बघतो म्हणाला. अजून बघतोयच.