ड्रॉप्स की सिरप?

नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या एका औषधाच्या दुकानात मी १४ वर्षांपासून फार्मासिस्ट आहे. मागच्या उन्हाळ्यातली ती संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही.

एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. पोरगं तापानं फणफणलेलं, वजन आठ किलो. चिठ्ठीवर पॅरासिटामॉल सिरप, ५ मिली, ताप असला तर सहा तासांनी. सिरप संपलं होतं. आमच्या दुकानातल्या पोऱ्यानं ड्रॉप्सची बाटली दिली आणि म्हणाला, "एकच औषध आहे आजी, ५ मिलीच द्या."

बिलावर माझी नजर गेली तोवर आजी रस्त्यापलीकडे ऑटोत बसत होत्या. मी तशीच अनवाणी धावले.

औषध एकच, हे खरं. पण त्या सिरपच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, आणि ड्रॉप्सच्या एकाच मिलीत १००. म्हणजे लेकराच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम गेलं असतं, चौपट. तेही दिवसातून तीन-चारदा. एवढ्याशा जिवाचं लिव्हर किती सोसणार? डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती, औषध चांगलं होतं, आजीची मायाही खरी. चूक आमच्या काउंटरवर झाली.

तेव्हापासून लहान मुलाचं औषध मी स्वतः देते. आधी वजन विचारते. घरचा चमचा वापरू देत नाही, कारण चमच्याचमच्यात फरक असतो. बिनसुईच्या सिरिंजवर मार्करनं रेघ मारते आणि समोरच्याकडून वदवून घेते, किती द्यायचं, किती वेळा. मागे रांग लागते. "काहून एवढं विचारता बाई?" असं लोक म्हणतात. म्हणू द्या.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लेकरं किडनी बंद पडून नागपूरच्या दवाखान्यांत आली, त्यातली कितीतरी परत गेली नाहीत. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. चालतं ते फक्त ०.१ टक्का. असं विष काउंटरवरून दिसत नाही, हे मला फार लागलं. दोन वर्षांखालच्या लेकराला खोकल्याचं औषध देऊच नका, असं केंद्रानं सांगितलं, पण रात्रभर न झोपलेली आई समोर उभी असते. मी तिला विचारते, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का? दूध पितो का? पीत नसेल किंवा बरगड्या ओढल्या जात असतील, तर थेट मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, कॅज्युअल्टीत जा म्हणते. बाटली देत नाही.

परवा त्याच आजी आल्या. पदरातून सिरिंज काढून काउंटरवर ठेवली.

"रेघ पुसली व माय. पोराचं वजन दहा किलो झालं, आता नवी मारून दे."