३१ मेची माणसं

पेन्शनचा डेटा ऑरॅकल या डेटाबेसमधून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचं काम होतं. शनिवारी रात्री लोड झाला. रेकॉर्डची संख्या जुळली, शंभरेक रेकॉर्ड उचलून डोळ्यांखालून घातले, सगळं ठीक. सोमवारी सकाळी पेन्शन विभागातल्या मॅडमचा फोन.

"सर, आमच्या गुरुजींचे वाढदिवस बदललेत का तुम्ही?"

"नाही हो मॅडम, डेटा जसाच्या तसा आलाय."

"मग १९४३, ४४, ४५ची एवढी माणसं ३१ मेला कशी जन्मली?"

आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लावून मोकळे व्हायचे. माझ्या आजोबांचाही वाढदिवस तोच. जुन्या पिढीच्या कुठल्याही यादीत १ जूनची रांग लागलेली असते. नव्या टेबलात १९४२चे १ जूनवाले जागेवर, १९४६चेही जागेवर. मधल्या तीन वर्षांचे तेवढे एक दिवस मागे.

टाइमझोनचा घोळ असता तर सगळ्यांचीच तारीख सरकली असती. मी तासभर डोकं खाजवलं. शेवटी एक रेकॉर्ड धरून टप्प्याटप्प्यानं छापत गेलो.

ऑरॅकलच्या 'डेट' प्रकारच्या रकान्यात तारखेबरोबर वेळही असते, सेकंदापर्यंत. जन्मतारखा रात्री बाराच्या ठोक्यावर साठवलेल्या. डेटा काढणारा जावा प्रोग्रॅम ती वेळ 'एशिया/कोलकाता', म्हणजे भारतीय वेळ धरून, भारताचा फरक वजा करून यूटीसीतले, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतले मिलिसेकंद करत होता. पोस्टग्रेसच्या 'डेट'मध्ये वेळेला जागाच नाही, म्हणून लोड करणारी पायथनची स्क्रिप्ट त्यात १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास मिळवून फक्त तारीख ठेवत होती. ती ओळ माझीच.

पण आपण कायम साडेपाच तास पुढे नव्हतो! दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतातली घड्याळं आणखी तासभर पुढे होती, साडेसहा तास. जावाला हा इतिहास पाठ, माझ्या १९,८०० ला नाही. वजा झाले साडेसहा, मिळवले साडेपाच. रात्रीचे बारा झाले आदल्या दिवशीचे अकरा, आणि वेळ कापली की उरली ३१ मे.

एका दिवसानं काय बिघडतं, असं वाटेल. इथे ८० पूर्ण झाल्यावर वाढीव पेन्शन त्या महिन्यापासून लागते. तारीख मे महिन्यात गेली की महिन्याभराचे पैसे जास्त, आणि मग वसुलीचं पत्र ८० वर्षांच्या माणसाला.

दुरुस्ती दोन ओळींची. ऑरॅकलमधूनच तारीख साधा मजकूर म्हणून, वर्ष-महिना-दिवस अशी काढली. वेळेला मध्ये येऊच दिलं नाही. जन्मतारखेला कसला आलाय टाइमझोन?

पुन्हा लोड केल्यावर त्या तीन वर्षांत ३१ मेचे तिघं उरले. मॅडमनी तिघांची सर्व्हिस बुकं कपाटातून काढायला लावली. संध्याकाळी फोन आला, "हे तिघं खरेच आहेत हो सर. राहू द्या."