चर्चगेटचा समुद्र आणि आमचा कापूस

आम्हा खान्देशी लोकांना समुद्राचं भारी वेड, कारण सरळ आहे, तो आमच्याकडे नाही. आमच्याकडे तापी आहे, गिरणा आहे (पाणी असेल तेव्हा), मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा आहे, पण समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. आमचे एक मामा आयुष्यात एकदाच मुंबईला जाऊन आले आणि चौपाटीबद्दल विचारलं की एवढंच सांगायचे, "समुद्र म्हंजे आपली तापीच शे भो, फक्त पलीकडना काठ दिखत नही."

तर मुद्दा चर्चगेटचा. मुंबईत कामाला गेलं की माझी एक फेरी तिकडे होतेच, आणि दरवेळी वाटतं की या स्टेशनला बघून कोण म्हणेल हे एकेकाळी समुद्राकाठचं स्टेशन होतं! बाहेर पडलं की सबवे, टॅक्स्या, ऑफिसला पळणारी माणसं, समोर इरॉस टॉकीज, आणि समुद्र बघायला अजून पाच-सात मिनिटं पायपीट. पण स्टेशन कुठे हललं नाही, मागे सरकला तो समुद्र. सरकला म्हणजे काय, भर टाकून टाकून सरकवला.

आणि त्या सरकवण्यात आपल्या कापसाचाही थोडा हात आहे, हे कळल्यापासून मला चर्चगेट जरा जवळचं वाटायला लागलंय. झालं असं की 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मग सगळ्यांची नजर वळली हिंदुस्थानच्या कापसाकडे. गुजरात, वऱ्हाड, खान्देश, जिथे काळी माती तिथे सोनं. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैसा इतका आला की ठेवायचा कुठे कळेना, मग निघाल्या कंपन्या, बँका, आणि सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन, म्हणजे समुद्रात भर घालून जमीन काढायची आणि विकायची. जमीन अजून पाण्याखाली पण शेअर आभाळात. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. 1865 ला युद्ध संपलं, कापूस आपटला, कंपन्या बुडाल्या, मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. कापूस आपटला की काय होतं हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

बरं, भाव चढला की भेसळही चढते. कापसात सरकी ठेव, पाणी मार, माती मिसळ, हे प्रकार इतके वाढले की 1863 मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. आज जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यावर, ट्रॅक्टर उभा असताना व्यापारी कापसात मशीन खुपसून "ओलावा जास्त आहे" म्हणतो ना, त्या भांडणाचं मूळ किती जुनं आहे बघा. दोन्ही बाजूंचं.

असो. कंपन्या बुडाल्या पण काठाकाठाने भर घातलेली एक पट्टी मागे उरली, आणि तिच्यावर बीबीसीआय रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, रूळ टाकले. आधी गाडी ग्रँट रोडपर्यंतच यायची, मग ती समुद्राच्या कडेकडेने खाली उतरली, 1870 ला चर्चगेट झालं आणि 1873 ला आणखी पुढे कुलाबा. हो, कुलाब्याला स्टेशन होतं! तिथेच जवळ कॉटन ग्रीन, उघड्या मैदानात कापसाच्या गाठींची थप्पीवर थप्पी. पुढे 1896 ला कुलाब्याला चांगली ऐसपैस इमारत बांधली आणि 1930 च्या शेवटच्या दिवशी लाईनच बंद केली, कारण बॅक बे चं भरावाचं खूळ पुन्हा निघालं होतं आणि ती जागा हवी होती. लांबच्या गाड्यांसाठी त्याच डिसेंबरात मुंबई सेंट्रल उघडलं होतं. कुलाबा स्टेशनच्या जागेवर आज बधवार पार्क आहे, रेल्वेच्या साहेबांचे क्वार्टर्स. आपल्याकडे चौतीस वर्षं म्हणजे घराचा रंगसुद्धा नीट उडत नाही आणि इथे अख्खी इमारत कामातून गेली.

चर्चगेटचं आजचं स्टेशन दिसायला ठोकळा, त्यात कौतुक करावं असं काही नाही, पण माझं एक मत आहे. चारही प्लॅटफॉर्म एकाच टोकाला येऊन संपतात, जिना नाही, पूल नाही, उतरलं की सरळ चालत बाहेर. हातात भरिताच्या वांग्यांची पिशवी आणि खांद्यावर कळण्याच्या पिठाची बॅग असलेल्या माणसाला विचारा आर्किटेक्चर कशाला म्हणतात.

दिसायला सुंदर इमारत हवी तर रस्ता ओलांडा. पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, 1899 ला पूर्ण झालेलं, आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, ज्याने व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी, बांधलं तोच. सेल्फी सगळे व्हीटीसमोर काढतात, तिथे मोर, माकडं, सरडे, नक्षी, बघून मान दुखते. ही इमारत त्या मानाने शांत डोक्याची आहे, निळसर काळा दगड, मध्ये पांढऱ्या दगडाचे पट्टे, वर घुमट, आणि शिखरापाशी हातात इंजिन घेतलेली मूर्ती. काळा दगड म्हणजे बेसाल्ट, अजिंठ्याच्या लेण्यांचा तोच, त्यामुळे मला तरी ती परकी वाटत नाही. बांधली तेव्हा पश्चिमेला रूळ आणि त्यांच्यापलीकडे थोड्याच अंतरावर पाणी होतं, आता मध्ये मरीन ड्राइव्हपर्यंत बिल्डिंगांच्या रांगा आल्यात.

मुंबईच्या दुसऱ्या अंगाला, बंदराच्या बाजूला, बॅलार्ड पियर मोल नावाचं अजून एक स्टेशन होतं, ते तर बोटीच्या इतकं जवळ की साहेब इकडे बोटीतून उतरला की तिकडे गाडीत. रेल्वे सांगते त्याप्रमाणे पंजाब मेलची पहिली गाडी 1 जून 1912 ला तिथूनच सुटली, पेशावरला जायला. इगतपुरी, मनमाड करत ती खान्देशातूनच जायची, म्हणजे विलायतेहून आलेल्या कित्येक साहेबांनी हिंदुस्थानातलं पहिलं मोठं ऊन भुसावळलाच खाल्लं असणार. पंजाब मेल अजून धावते, फिरोजपूरपर्यंत. भुसावळला थांबते. साहेब नाहीत, ऊन आहे.

कॉटन ग्रीनही पुढे कुलाब्याहून उठून शिवडीकडे गेलं आणि हार्बर लाईनवर त्या नावाचं स्टेशन आहे, आमच्या गावचा एक पोरगा तिथून रोज लोकल पकडतो, त्याने तिथे कापूस म्हणून काय बघितला असेल तर कानात घालायचा. खान्देशचा कापूस आता जिनिंगमधून गाठी होऊन निघाला की बऱ्याचदा ट्रकने गुजरातकडे जातो. भाव तेवढा विचारू नका.