पिवळं पाकीट आणि चौदा दिवस

ओटीपोट दुखत होतं, अंगावरून पांढरं जात होतं, वासही मारत होता. तरी पंधरा दिवस मेडिकलमधल्या गोळ्यांवर ढकलले. कारण आधी एका दवाखान्यात केसपेपरवाल्या बाईनं ‘नवऱ्याचं नाव?’ असं अख्ख्या रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं होतं. मी तशीच उठून कदंबा बस पकडली होती.

वास्कोत एक ताई आम्हा धंदा करणाऱ्या बायकांना निरोध आणून देते. ती पूर्वी बायण्यात, तिथल्या धंद्याच्या वस्तीत होती. २००४ साली तिथल्या खोल्या पाडल्या, बायका पांगल्या, म्हणून आता तिचं निम्मं काम फोनवर. तिनंच मला रिक्षात कोंबलं.

सुरक्षा क्लिनिकात, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली. दिवस गेले असतील तर या दुखण्याच्या औषधातली एक गोळी चालत नाही म्हणाल्या. मग टेबल. ते थंडगार लोखंड आत जाताना मी छताच्या पंख्याचे फेरे मोजत बसले. ‘दुखलं तर सांग,’ म्हणाल्या. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. गर्भपिशवीपर्यंत जंतू चढले होते. पिवळं पाकीट मिळालं, फुकट. एक गोळी तिथंच, बाकी दोन तऱ्हेच्या सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. तीन दिवसांत उतार पडला नाही तर परत यायचं.

आणि तोवर धंदा नको, दारू तर अजिबात नको. गोव्यात! आठवडा बंद ठेवला, पुढं खोलीचं भाडं आलं. निरोध तर होताच, पण गिऱ्हाईक ग्लास पुढं करायचं. मी उपास सांगायची. एकानं विचारलंच, ‘आठवडाभर कसला गं उपास?’ माझ्या माणसालाही औषध घ्यायचं होतं. त्यानं दोन दिवस तमाशा केला, मग घेतलं.

एचआयव्ही आणि गरमीसाठी (सिफिलिस) रक्त घेण्याआधी समुपदेशक मॅडमनी माझी परवानगी विचारली. एचआयव्हीसाठी २०१७ च्या कायद्यानं विचारावंच लागतं, आणि निकालही बाहेर फुटता कामा नये. बाकड्यावर बसून तळहात भिजले. दोन्ही नाही आलं. सहा महिन्यांनी परत.

दुखणं गेल्यावर, पाळी आली तेव्हा तांबी बसवायला गेले. दहा वर्षं चालते, पण रोग अडवत नाही, निरोध सुटत नाही. केसपेपरवर नवऱ्याच्या नावाचा रकाना होताच. नर्सनं तिथं आडवी रेघ ओढली आणि विचारलं, ‘पाळी कितव्या दिवशी?’