ब्लेडचा हुक कुणी सांगेना! मायटर सॉच्या ब्लेडचा माझा अनुभव

दहा इंची स्लाइडिंग मायटर सॉ (कोनात कापणारी, डोकं पुढे-मागे सरकणारी करवत) घेतली, बसवली, त्यात काही अडलं नाही. अडलं ते ब्लेडपाशी, आणि तो राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

मशीनबरोबर ४० दात्यांचं ब्लेड आलं होतं. चौकटीच्या कामाला ते चांगलं. पण जुळे सोलापुरातल्या एका घरात सागवानी पट्ट्या ४५ अंशात जोडायच्या होत्या आणि कपाटाचा प्लाय मायकावाला. ४० दाते मायक्याची कड कुरतडतात, आणि कोपऱ्यात लांबी (पुट्टी) भरून काम दडपणं मला पटत नाही. म्हणून ८० दात्यांचं हवं होतं.

साखर पेठेपासून होटगी रोडपर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच. मी विचारायचो, "शेठ, याचा हुक अँगल किती?" उत्तर यायचं, "मिस्त्री, दहा इंच, ऐंशी दाते. अजून काय पाहिजे?" पाकीट उघडून बघू म्हटलं तर "फोडलं की घ्यावं लागेल." दोन हजारांच्या आसपासची वस्तू, आणि दात बघायचा नाही!

हुक म्हणजे दाता पुढे किंवा मागे किती कललाय ते. टेबल सॉचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीचं, ब्लेडही दहा इंचीच असतं, पण त्याचा हुक बहुधा अधिक १५ ते २० अंश असतो. तिथे लाकूड आपण ढकलतो, म्हणून चालतं. स्लाइडिंगवर तेच लावलं तर दाते लाकडात घुसायला बघतात, मशीनचं डोकं हाताबाहेर ओढलं जातं, पट्टी जागची उचलते. इथे शून्याच्या जवळपासचा किंवा उणे ५ चा हुक पाहिजे. हा बोटांचा प्रश्न आहे, आणि विकणाऱ्याला तो ठाऊक असायलाच हवा.

शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारांनी स्वतःहून पाकीट उघडून दिलं. छापलेलं काही नव्हतं. खिशातली स्टीलपट्टी भोकाच्या मध्यापासून दात्याच्या टोकाला लावली. टोकाखाली दात्याचं तोंड फिरण्याच्या दिशेच्या उलट, पट्टीच्या मागे गेलं असेल, म्हणजे दाता पुढे कललेला असेल, तर हुक अधिक. इथे तोंडाचा बुंधा पट्टीच्या पुढे होता, दाता मागे कललेला, म्हणजे उणे. काका म्हणाले, "असं बघायचं असतं होय?" तिथेच घेतलं. त्या पट्ट्यांच्या सांध्यात आज नखही जात नाही.

भोकाचं राहिलंच. काही मशीनला ३० मिमी लागतं, काहींना २५.४. मोठं भोक असेल तर बरोबर मापाची रिंग मिळते, सैल रिंग अजिबात चालवू नका. शंभर दात्यांचं ॲल्युमिनियम कापायचं ब्लेड "फिनिशिंग जास्त" म्हणून गळ्यात मारतात. सागवानाला एकाआड एक तिरक्या दात्यांचंच घ्या.

ब्लेड बदलताना प्लगची पिन बोर्डातून काढा. बोल्ट बहुतेक मशीनवर उलट आट्याचा असतो, जोर लावून मोडू नका. कापताना डोकं आधी आपल्याकडे ओढून घ्या, मग चालू करून खाली दाबा आणि मागे ढकला. आणि ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना, हे पैसे देण्याआधी वाचा.