मोटरहोममधलं डुगडुगणारं जेवणाचं टेबल: आधी सांधा शोधा

मोटरहोममधलं, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतलं, टेबल डुगडुगायला लागलं की पहिला विचार येतो तो पाय बदलण्याचा. पण पाय क्वचितच दोषी असतो. ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची ती नळी रोजच्या वापरात सहसा वाकत नाही. ढिला पडतो तो सांधा. एका पायावर उभ्या असलेल्या टेबलाला असे चार सांधे असतात. फळी आणि तिच्या खालची बैठक (नळीचं टोक ज्याच्या खोबणीत बसतं तो भाग) हा पहिला, ती बैठक आणि नळीचं वरचं टोक हा दुसरा, नळीचं खालचं टोक आणि जमिनीतली बैठक हा तिसरा, आणि ही खालची बैठक व गाडीचा तळ हा चौथा. दोन पाय असतील तर आठ. यातला नेमका कुठला हलतोय हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. चुकीचा सांधा आवळायला गेलं की चांगल्या स्क्रूचे आटे जातात आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात.

या टेबलाचा पाय मुद्दाम सुटा ठेवलेला असतो, कारण रात्री तीच फळी दोन बाकांच्या मध्ये खाली टेकवून पलंग करायचा असतो. म्हणून नळीची दोन्ही टोकं निमुळती असतात आणि बैठकीच्या खोबणीत नुसत्या घर्षणावर बसतात. ना स्क्रू, ना खिट्टी. ही पकड फार तर ४५ मिमी खोल धरा आणि फळी जमिनीपासून ७०० मिमी उंच. खोबणीत ०.३ मिमी प्ले, म्हणजे सैलपणा, असला तरी वर तो पंधरापट होतो आणि फळी प्रत्येक बाजूला साडेचार मिमी सरकते. बैठकीचंही तसंच. स्क्रूंचं वर्तुळ १४० मिमी रुंद असेल आणि एक बाजू १ मिमी उचलली गेली, तर वर ५ मिमी. डोळ्यांना न दिसणारी फट चहाचा कप हिंदकळवायला पुरते ती अशी.

तपासणीच्या आधी गाडी स्थिर करा. टायर आणि स्प्रिंगवर उभी असलेली गाडी कुणी उठलं-बसलं तरी हलते, आणि तो दोष उगाच टेबलाच्या माथी येतो. गाडीला जमिनीवर टेकू देणारे स्टॅबिलायझर जॅक खाली सोडा, मग एक पेला पाणी टेबलावर आणि एक स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून कुणाला तरी आत चालायला सांगा. दोन्हीकडचं पाणी सारखंच थरथरत असेल तर टेबल निर्दोष आहे. जॅकच्या खालची जमीन बसतेय का ते बघा.

टेबलच हलत असेल तर बोटांनी तपासा. एकानं फळीची कड धरून ती सावकाश, सेकंदाला एकदा, पुढे-मागे हलवायची. दुसऱ्यानं बोटाचं पेर सांध्यावर असं ठेवायचं की अर्धं नळीवर येईल आणि अर्धं बैठकीच्या काठावर. प्ले असेल तर दोन्ही भाग एकमेकांवरून सरकताना बोटाला स्वच्छ लागतं. असं खालपासून वरपर्यंत प्रत्येक सांध्याशी करा. बैठकीपाशी आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे स्क्रूचा माथा. बैठक उचलली जाते पण स्क्रू जागचा हलत नाही, तर तो फक्त ढिला आहे, आवळला की काम झालं. स्क्रूही बैठकीबरोबर वरखाली होत असेल तर लाकडातले आटे गेले आहेत आणि आवळून काहीही होणार नाही.

आता निमुळत्या सांध्याबद्दल. इथला दोष बरेचदा निव्वळ मळाचा असतो. जमिनीतल्या बैठकीत वाळू, केस, सांडलेलं सरबत सगळं साचतं. खोबणीच्या तळाशी कचऱ्याचा थर बसला की नळी त्यावर टेकते आणि बाजूच्या भिंतींना घट्ट भिडतच नाही. व्हॅक्यूमनं कचरा काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं नळी आणि खोबणी दोन्ही पुसा. तेल, ग्रीस, मेण काही लावायचं नाही. इथे घर्षण हीच पकड आहे. नळीच्या टोकावर ठोके बसून वर आलेली धार बारीक कानशीनं काढा, पण निमुळत्या भागावर पॉलिश पेपर घासत बसू नका, त्यानं माप कमी होतं.

सांधा नीट भिडतोय का हे बघायला नळीच्या निमुळत्या भागावर मार्करनं सहा उभ्या रेषा काढा. नळी बसवा, दाब देऊन पाव वळसा फिरवा, बाहेर काढा. रेषा पूर्ण उंचीभर पुसल्या असतील तर सांधा ठीक. फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या टोकाला पुसल्या असतील तर नळी एका कड्यावरच टेकतेय आणि त्या कड्याभोवती झुलतेय. झिजेमुळे हे होतं, किंवा नळी एका संचातली आणि बैठक दुसऱ्या संचातली असली तरी होतं. व्यास सारखा दिसला तरी निमुळतेपणाचा कोन वेगळा असू शकतो. तसं असेल तर पाय आणि बैठका एकाच संचातल्या घेणं हाच उपाय.

नळी झिजून आता खोबणीच्या तळाला टेकत असेल, तर टोकाकडून २ ते ३ मिमी कापून धार कानशीनं मोडली की ती पुन्हा खाली उतरून घट्ट बसते. टेबलाची उंची तेवढीच कमी होते. दोन पाय असतील तर दोन्ही सारखेच कापा. कापायचं नसेल तर शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, लावा. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो आणि कात्रीनं कापता येतो. २० मिमी रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, कडा गुळगुळीत करा आणि खोबणीत सारख्या अंतरावर उभ्या लावा. वरचं ५ मिमी टोक काठावरून बाहेर दुमडलं की नळी दाबताना पट्टी आत ओढली जात नाही. नळीभोवती पूर्ण वेढा देण्यापेक्षा तीन पट्ट्या बऱ्या, कारण निमुळत्या भागावर सरळ पट्टी गुंडाळली की एका कडेला सुरकुती पडते. इलेक्ट्रिकची टेप वापरू नका; ती दाबाखाली पसरते आणि उन्हात तिचा चिकट गोंद बाहेर येतो. टेफ्लॉन टेप तर मुळातच निसरडी.

बसवताना नळी सरळ उभी धरून खाली दाबायची आणि थोडी पिळायची. मग फळी वर ठेवून हाताच्या तळव्यानं नळीच्या बरोबर वर एक दणका. हातोडा नको, त्यानं प्लास्टिकची बैठक तडकते. तडकलेली किंवा लंबगोल झालेली बैठक कुठल्याही गोंदानं धड होत नाही, ती बदलाच. आणि नळी अडकून बसली तर पाइप पाना लावू नका, त्याचे दात नळी चेपतात. पट्ट्याचा पाना लावून पिळा, किंवा बाहेरच्या कड्याला हेअर ड्रायरनं मिनिटभर गरम करून मग पिळा.

स्क्रूंचा मामला जास्त चिवट. फळी पार्टिकल बोर्डाची असेल तर भुसा आणि गोंदाच्या त्या मिश्रणात एकदा आटे तुटले की स्क्रू नुसता फिरत राहतो. सगळ्यात सोपा उपाय फार कमी जण करतात, तो म्हणजे बैठक फिरवणं. गोल बैठकीला सहा भोकं असतील तर ती ३० अंश फिरवा, आठ असतील तर साडेबावीस; स्क्रूंना कोरी जागा मिळते. स्क्रू ४.८ मिमी जाडीचा असेल तर मऊ लाकडात ३.२ मिमी आणि टणक लाकडात ३.५ मिमीचं भोक आधी पाडा. ड्रिलच्या बिटवर फळीच्या जाडीपेक्षा ५ मिमी कमी अंतरावर टेप गुंडाळून खूण करा, म्हणजे बिट फळीच्या वरून बाहेर येणार नाही. शेवटचे दोन वळसे हातातल्या स्क्रू ड्रायव्हरनंच द्या. मशिननं आवळताना आटे कधी तुटले ते कळतही नाही.

फिरवायला जागा नसेल तर जुनी भोकं भरा. काडेपेटीच्या काड्या आणि गोंद हा तात्पुरता इलाज, चालत्या गाडीचे हादरे तो फार काळ सोसत नाही. १२ मिमीचं भोक पाडून त्यात टणक लाकडाची गुट्टी गोंदानं बसवा, रात्रभर वाळू द्या, मग नवं भोक पाडा. गुट्टी निवडताना रेषांकडे लक्ष द्या. गोल दांड्याचा तुकडा कापून घातला तर स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच आत जातो आणि पकड कमी मिळते. टणक लाकडाच्या वेगळ्या फळीतून आडव्या रेषांची गुट्टी काढली की स्क्रू रेषा छेदत जातो आणि दुप्पट भरवशाचा वाटतो.

वजन वाचवण्यासाठी काही फळ्या आतून पोकळ असतात. वर-खाली पातळ प्लाय आणि मध्ये कागदाची जाळी किंवा फोम. त्यात गुट्टीला धरायलाच काही नसतं. तिथे १२ मिमी प्लायवुडचा ३०० मिमी लांब-रुंद तुकडा फळीच्या खालून पॉलियुरेथेन गोंदानं चिकटवा आणि बैठक त्या तुकड्याला जोडा. फळीचा पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरनं खरखरीत करायला विसरू नका, नाहीतर गोंद लॅमिनेटवरून सोलून निघेल. भार आता मोठ्या क्षेत्रावर पसरतो, हा त्यातला मुद्दा. तुकड्याच्या जाडीइतकी फळी वर उचलली जाईल. ते चालत नसेल तर नळीही तेवढी आखूड घ्यावी लागेल.

जमिनीतल्या बैठकीचे स्क्रू काढताना मात्र घाई नको. टोच्या घेऊन भोकाच्या आसपास टोचून बघा. टोक सहज आत गेलं, किंवा स्क्रू गंजलेला आणि भोकातला भुसा काळा-ओला निघाला, तर दोष टेबलाचा नाही, गाडीत कुठून तरी पाणी मुरतंय. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर २० टक्क्यांच्या वरचा आकडा म्हणजे लाकूड कुजायला पोषक. अशा तळाला कितीही जाड स्क्रू मारले तरी ते धरणार नाहीत. आधी गळती शोधून बंद करा, तळ पूर्ण सुकू द्या, कुजलेला भाग कापून काढा आणि मगच बैठक बसवा.

तळ कोरडा असूनही स्क्रू धरत नसतील तर आरपार बोल्ट हा उत्तम उपाय, पण आधी गाडीखाली झोपून वर बघा. तिथे पाण्याचे पाइप, वायर, गॅसची नळी, सांडपाण्याची टाकी, कधी इंधनाची टाकीही असते. काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका. अनेक गाड्यांचा तळ थरांचा असतो. वर प्लाय, मध्ये फोम, खाली पुन्हा पातळ थर. असा तळ बोल्टनं आवळला की फोम चेपतो, चार दिवसांनी बोल्ट पुन्हा ढिला. म्हणून प्रत्येक भोकात तळाच्या जाडीइतकी कापलेली धातूची नळी घाला, म्हणजे दाब फोमवर न येता त्या नळीवर येईल. ६ मिमी बोल्ट, खाली रुंद वॉशर किंवा जाड पत्र्याची पट्टी, आणि नायलॉन कडं असलेला नट. भोकाच्या कडेला खालून-वरून सीलंट लावायचं, नाहीतर रस्त्यावरचं पाणी त्याच वाटेनं आत शिरेल. थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) वापरायचा तर धातूच्या नट-बोल्टवरच; तो एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटवर ओघळला की प्लास्टिकला बारीक तडे जातात.

टेबलाची एक कड भिंतीवरच्या पट्टीत अडकत असेल आणि दुसऱ्या टोकाला एकच घडीचा पाय असेल, तर पाहायचं वेगळं असतं. पट्टी आणि हूक यांच्यातली फट न घसरणाऱ्या रबराच्या पातळ पट्टीनं भरा. पट्टीचेच स्क्रू हलत असतील तर ते बहुधा ३ मिमीच्या प्लायमध्ये आहेत आणि मागे नुसता फोम. लांब स्क्रू घालून उपयोग नाही. भिंतीच्या आतला सांगाडा कुठे आहे ते शोधा. तो ॲल्युमिनियमचा असेल तर त्याला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे धातू ओळखणारा स्टड फाइंडरच लागतो. ९ मिमी प्लायची आडवी पट्टी दोन सांगाड्यांपर्यंत पोचेल एवढी घ्या, चिकटवा, सांगाड्यात स्क्रू करा आणि टेबलाची पट्टी तिच्यावर बसवा. घडीच्या पायाच्या बिजागरीचं रिव्हेट ढिलं असेल तर ते ड्रिलनं काढून तिथे बोल्ट, दोन वॉशर आणि नायलॉन कडं असलेला नट घाला.

सगळे सांधे घट्ट करूनही थोडी डुगडुग उरली तर ती रचनेची आहे. दोन पाय एका रेषेत असले की टेबल त्या रेषेत ताठ राहतं आणि आडव्या दिशेनं झुलतं. इथे बहुतेक जण खाली तिरपे आधार देतात, त्यात पाय अडकतात. त्याऐवजी आधार वरच द्या. फळी भिंतीला लागून असेल तर भिंतीवर फळीच्या खालच्या पातळीला लाकडी पट्टी ठोका, तिच्यात १० मिमीच्या दोन खुंट्या उभ्या बसवा आणि फळीला खालून तेवढीच भोकं पाडा. फळी वरून ठेवली की खुंट्या भोकात बसतात, पलंग करायच्या वेळी फळी उचलली की सुटते. ७०० मिमी उंचीवर धरलेल्या फळीला खालून जोर लावून रोखण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, कारण इथे तरफ आपल्या बाजूनं काम करते. भिंत दूर असेल तर बाकाच्या बाजूला लहान कडी लावूनही भागतं.

गाडी चालवताना टेबल उभं ठेवू नका. दचक्यांनी निमुळता सांधा तासन्‌तास घासत राहतो, बहुतेक झीज तिथेच होते. शिवाय जोरात ब्रेक लागला तर ती फळी उडून कुणाला लागू शकते. पाय काढून कपाटात पट्ट्यानं बांधा, टोकांना जुना मोजा घाला म्हणजे निमुळता भाग ठोकला जाणार नाही, आणि जमिनीतल्या बैठकीवर झाकण लावा. नव्यानं बसवलेले स्क्रू आणि बोल्ट पहिल्या प्रवासानंतर एकदा हातानं तपासा, लाकूड दबून ते पाव वळसा तरी ढिले झालेले असतात.