जाड कादंबरी सोपी, बारीक कादंबरी अवघड

कादंबरीवर सिनेमा आला की पहिला हिशेब होतो तो गाळलेल्या प्रसंगांचा. प्रसंग गळणारच. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन तासांचा सिनेमा म्हणजे १२० पानं, तीही संवादांभोवती बरीच कोरी. माझ्या मते सगळ्यात जास्त छळतं ते क्रियापद.

‘मास्तर रोज संध्याकाळी ओढ्यावर जात असे.’ लेखकाला एवढी एक ओळ पुरते आणि वाचकाच्या मनात अख्खं वर्ष उलटतं. कॅमेऱ्याला ‘जात असे’ दाखवता येत नाही, तो फक्त ‘गेला’ दाखवतो. हीच संध्याकाळ, हाच सदरा, हाच उजेड. मग निवेदन घातलं जातं, आणि ते बहुतेक वेळा समोर दिसतंय तेच पुन्हा सांगतं. नाहीतर एका गाण्यात चार ऋतू कोंबले जातात. त्यातून काळ सरल्याचं कळतं, सवय मात्र अंगात मुरत नाही. काम भागतं ते पुनरावृत्तीने. कॅमेरा त्याच जागी, तीच चौकट, निदान तीन वेळा. तिसऱ्या खेपेला एकच गोष्ट बदललेली हवी: खुंटीवरची घोंगडी गेलेली, बस्स. दोनदाच दाखवलं तर प्रेक्षक ते विसरून जातो. यासाठी वेगवेगळ्या ऋतूंत त्याच जागी परत जाऊन चित्रीकरण करावं लागतं, आणि खर्चाला कात्री लागली की पहिल्यांदा हेच जातं.

हा पेच नव्हता म्हणूनच ‘सिंहासन’ (१९७९) हा सिनेमा इतका घट्ट जमला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या एका सिनेमात बसल्या, कारण सत्तेच्या डावपेचात सगळं ‘घडतं’: फोन येतो, बैठक होते, माणूस फुटतो. तेंडुलकरांच्या पटकथेत पत्रकार दिगू टिपणीस या सगळ्यांमधून फिरतो, त्यामुळे बघणारा डोळा हरवत नाही. दिगू झालेल्या निळू फुल्यांचं शेवटचं ते भ्रमिष्ट हसणं म्हणजे कितीतरी पानांची घुसमट आहे.

उलट व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) किती लहान! तरी ती पडद्यावर आणणाऱ्या अमोल पालेकरांपुढचं काम (१९९५) जास्त कठीण होतं. तिथे डावपेच नाहीत. मेंढरं रानात जातात, परत येतात, पोरं शाळेत येतात, येत नाहीत. सगळा जीव त्या ‘असे’मध्ये आहे. माणदेशाचा उघडा माळ आणि माणसांचं कमी बोलणं सिनेमाने छान पकडलंय. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. ते ओसाडपण बोचायला आधी वाडीचं रोजचं भरलेपण डोळ्यांत बसलेलं हवं. पुस्तकात ते बसतं. सिनेमात मात्र सकाळच्या आणखी दोन-तीन फेऱ्या हव्या होत्या.